मोजणीवाले नाही, फोटोवाले

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत तीन पायांची कुठलीही वस्तू जमिनीवर उभी केली की ती मोजणीचीच असते. तिच्या डोक्यावर कॅमेरा आहे की दुर्बीण, हा तपशील नंतरचा. तिपाई टेकली की पहिला माणूस हजर होतो. तो काही बोलत नाही. आधी पाय बघतो, म्हणजे तिपाईचे, आणि ते नेमके कोणाच्या गटात रोवलेत याचा मनाशी हिशोब करतो. मग दुसरा येतो. गाडी बंद न करता, एक पाय टेकवून विचारतो, "कुठला रस्ता निघाला?"

त्याचं काही चुकत नाही. या पट्ट्यात तिपाई कधी उगाच आलेली नाही. रांजणगावची एमआयडीसी, कुरकुंभची एमआयडीसी, चासकमानचा कालवा, नगर रस्ता, सोलापूर रस्ता, त्यांचं रुंदीकरण आणि मग रुंदीकरणाचं रुंदीकरण. दर वेळी आधी तिपाई आली, मागून खुणेचे दगड आले आणि शेवटी नोटीस आली. त्यामुळे "फोटो काढतोय" या उत्तरावर कोणी विश्वास ठेवत नाही. फोटो काढणारा माणूस कोणाकडे तरी तोंड करून उभा असतो. मी एक फोटो पूर्वेचा काढतो, कॅमेरा वळवून दक्षिणेचा काढतो, मग पश्चिमेचा, मग उत्तरेचा. त्यानंतर आभाळाचा काढतो आणि शेवटी तिपाई उचलून ती जिथं उभी होती त्या ढेकळांचा काढतो. खरेदीखतात चतुःसीमा लिहिणाऱ्यानंही ढेकळांची इतकी काळजी कधी घेतली नसेल.

"ढेकळाचा फोटू कशापायी?" हे तिसरा माणूस विचारतो. याच्याकडं सातबारा असतो. खिशात नव्हे, तोंडपाठ.

खरं कारण साधं आहे, पण बांधावर उभ्याउभ्या सांगण्याजोगं नाही. कॅमेऱ्याला फिशआय लेन्स लावली की तिला एका दमात समोरचं अर्धं जग दिसतं, डावीकडून उजवीकडे १८० अंश आणि वरून खालीही १८० अंश. असे चार दिशांना चार फोटो काढले की शेजारशेजारचे फोटो एकमेकांवर भरपूर चढतात. चढलेल्या भागातल्या सारख्या खुणा शोधून सॉफ्टवेअर सगळे तुकडे शिवतं आणि एक अख्खा गोळा तयार होतो. पाहणारा त्या गोळ्याच्या आत, मधोमध. मोबाइलवर बोट फिरवलं की मागं वळता येतं, मान वर केली की आभाळ, खाली घातली की ढेकूळ. ढेकळाचा फोटो नसेल तर तिथं तिपाईचे तीन पाय दिसतात, आणि फोटोतसुद्धा तिपाई दिसली की लोक पुन्हा रस्त्याचंच विचारतात. साध्या लेन्सनं हेच काम करायचं तर दोन-अडीच डझन फोटो काढावे लागतात. तेवढ्या वेळात ढग सरकतात, सावल्या सरकतात, आणि शेजारचा भाऊबंद तर कुठल्या कुठं सरकलेला असतो.

ही लेन्स दिसायला विचित्र. पुढची काच फुगून बाहेर आलेली, त्यामुळे तिच्यावर फिल्टर बसत नाही. हंगामात गुऱ्हाळाच्या आणि कारखान्याच्या धुरातून उडालेली काजळी कुठं बसू, कुठं बसू करत नेमकी या काचेवर येऊन बसते. दौंड तालुक्यात, विशेषतः केडगावच्या बाजूला, गुऱ्हाळं इतकी आहेत की हिवाळ्यात लेन्स पुसायचं फडकंही चिकट लागतं. आणि १८० अंश दिसतं याचा अर्थ फोटो काढणाऱ्यालाही लपायला जागा नसते. पोट थोडं पुढं आलं असेल तर पोट येतं, बूट येतात, सकाळच्या उन्हात लांबलचक सावली येते. त्यामुळे कॅमेरा ज्या दिशेला वळेल त्याच्या मागं मागं आपणही फिरायचं, पोट आत घेऊन. लांबून पाहणाऱ्याला हे करणी उतरवण्याचं काम वाटतं. एकदा एका आजींनी लिंबू आणून दिलंही.

या प्रकाराची सुरुवात पाण्यात झाली. अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांना १९०६ साली असा प्रश्न पडला, की तळ्यातून वर पाहणाऱ्या माशाला काठावरचं जग कसं दिसत असेल? प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो. म्हणून या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंतची सगळी दुनिया माशाच्या डोक्यावर सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीत गोळा होते. वूड यांनी भांड्याच्या तळाशी फोटोची काच ठेवली, वर बारीक छिद्र ठेवलं, भांड्यात पाणी भरलं आणि माशाच्या नजरेचे फोटो काढून दाखवले. म्हणजे भीमेतल्या माशाला गळ टाकून बसलेला माणूस, त्याच्या मागची टपरी, टपरीमागची बाभळ आणि बाभळीमागचं चुकवलेलं काम, हे सगळं एकाच वेळी दिसत असतं. तरी तो गळाला लागतोच.

पुढं १९२४ साली केंब्रिजच्या रॉबिन हिल यांनी ढगांच्या अभ्यासासाठी अख्खं आभाळ एका फोटोत घेणाऱ्या लेन्सचं वर्णन प्रसिद्ध केलं. हेच हिल नंतर वनस्पती उन्हापासून अन्न कसं बनवतात यावरच्या कामामुळे पाठ्यपुस्तकांत गेले. ढग त्यांनी जाता जाता उरकले होते. १९७० मध्ये निकॉननं ६ मिलिमीटरची एक लेन्स आणली. वजन ५.२ किलो, आणि दिसायचं २२० अंश. १८० च्या पुढं म्हणजे ही लेन्स स्वतःच्या पाठीमागचंही थोडं पाहते. ही गोष्ट मी पारावरच्या काही ज्येष्ठ मंडळींना सांगितली. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही.

चौफेर चित्राची हौस मात्र कॅमेऱ्याच्याही आधीची. रॉबर्ट बार्कर नावाच्या आयरिश चित्रकारानं १७८७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर चौकात त्यासाठी गोल इमारतच बांधली. प्रेक्षक पैसे देऊन मधोमध उभा राहायचा आणि चित्र त्याच्या भोवती. मे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, आणि १८०० साली लंडनमध्ये त्या लढाईचं अवाढव्य अर्धगोल चित्र लोक रांगा लावून पाहत होते. काढणारा रॉबर्ट कर पोर्टर विशीतला पोरगा, आणि हिंदुस्थानात पाऊल न ठेवता त्यानं ते काढलेलं. दोन वर्षांनी पेशवे वसईला तहावर सही करून बसले. लंडनचं तिकीट काढून ते चित्र आधी पाहिलं असतं तर पुढचं चित्र त्यांना दिसलं असतं का, हा इतिहासकारांचा प्रश्न. मला आपलं तिकिटाचं कौतुक.

आता बांधाच्या दगडाकडं येऊ, कारण या विषयातली सगळ्यात अवघड गोष्ट तीच आहे.

डोळ्यासमोर बोट धरा आणि एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटा. बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडं उडी मारतं. बोट हललेलं नसतं, बघण्याची जागा हललेली असते. कॅमेरा फिरवताना हेच होतं. लेन्सच्या आत एक ठरावीक बिंदू असतो. बरोबर त्याच्याभोवती कॅमेरा फिरला तर जवळच्या आणि लांबच्या वस्तू एकमेकांच्या जागा सोडत नाहीत. चारदोन मिलिमीटर इकडंतिकडं झालं की पहिल्या फोटोत बांधाचा दगड बाभळीच्या डावीकडं आणि दुसऱ्या फोटोत उजवीकडं. फिशआयमध्ये तो बिंदूही कडेच्या प्रकाशाला एकीकडं आणि मधल्या प्रकाशाला दुसरीकडं असतो, त्यामुळे मधला तडजोडीचा बिंदू शोधावा लागतो. त्यासाठी तिपाईवर एक खास पट्ट्यांचा सांगाडा बसवतात, त्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात. या खुणा पाहिल्यावर मोजणीची उरलीसुरली शंकाही फिटते.

युरोपात या चुकीला पॅरलॅक्स म्हणतात आणि ती सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त करतात. आपल्याकडं बांधाचा दगड हातभर सरकलेला दिसला तर दिवाणीत जातात. एका शेतकऱ्याला त्याच्या शेताचा चौफेर फोटो दाखवला, तर त्यानं ऊस पाहिला नाही, विहीर पाहिली नाही, नव्यानं बांधलेलं घर पाहिलं नाही. बोटानं गर्रकन फोटो फिरवून तो थेट ईशान्येच्या कोपऱ्यावर गेला, दोन बोटांनी दगड मोठा केला आणि म्हणाला, "साहेब, ह्याच्यावर तुमची सही मिळंल का?"

शाळेत वेगळीच गंमत. पूर्वी शाळा-पलटणींचे लांबलचक ग्रुप फोटो फिरत्या कॅमेऱ्यानं काढत. कॅमेरा हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडं वळायचा, आणि पहिल्या टोकाचा एखादा वांड पोरगा मागून धावत जाऊन दुसऱ्या टोकाला उभा राहायचा, फोटोत दोनदा. जगभरच्या शाळांच्या भिंतींवर असे जुळे लटकलेले आहेत. आमच्याकडच्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेत मी कॅमेरा मधोमध लावला, भोवती पोरांचं रिंगण केलं आणि एका दिशेचा फोटो काढून कॅमेरा वळवला. पोरांना हे तंत्र कोणी शिकवावं लागलं नाही. कॅमेरा वळला की ती पळत पुढच्या बाजूला. चारही फोटोंत तीच पोरं, तेच दात, फक्त धाप वाढत गेलेली. शिवून झाल्यावर पटांगण गच्च भरलेलं.

गुरुजी बराच वेळ फोटोकडं बघत राहिले. वीसच्या आतल्या पटाच्या शाळांचं काय होणार, ही काळजी त्यांच्या डोक्यावर कायमची. शेवटी हळूच म्हणाले, "सर, हा फोटो वर पाठवला तर चालंल का?"

ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली तेव्हा एकच पोरगं दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून पोरांच्या बोटांना शाई लावली होती. सॉफ्टवेअरला ती अक्कल नाही. त्याला खिडकी, झाड, घंटा अशा खुणा कळतात. तोच पोरगा चौथ्यांदा हसतोय, हे त्याच्या लक्षात येत नाही.

चौकट नावाची गोष्ट किती सोयीची असते, ते रांजणगावला महागणपतीसमोर कळतं. साध्या फोटोत महाद्वार येतं आणि माणसाला वाटतं, काय शांत ठिकाण. चौफेर फोटोत महाद्वार येतंच, पण त्याच्या समोर काय आहे तेही येतं. हार, पेढे, चपला ठेवायची जागा, उसाचा रस, लहान मुलांचे फुगे, मागं घ्यायला जागा नसलेली एक बस आणि तिला "येऊ दे, येऊ दे" म्हणणारा माणूस. आपले सगळे सुंदर फोटो हे पाठ फिरवून काढलेले असतात. यात कोणाला वाईट वाटलं नाही, उलट दुकानदारांना अतोनात आनंद झाला. "देवळाचा फोटू तर समदेच काढत्यात. आपला बोर्ड आला का?" त्यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो, "गुगलवर दिसंल का?"

या प्रश्नामागं एक जुनी सल आहे. गुगलनं जुलै २०२२ मध्ये भारतात रस्त्यांची चौफेर दृश्यं नव्यानं सुरू केली तेव्हा पहिल्या यादीत दहा शहरं होती. त्यात पुणं होतं आणि नगरही होतं. आता पुण्याहून नगरला जायचं तर मधे काय लागतं? एसटी शिरूरला चहाला थांबते. गुगलनं चहा घेतला नाही.

कुकडी नदीवर टाकळी हाजीच्या बाजूनं उतरलं की रांजणखळगे लागतात. बेसाल्टच्या खडकात पुराच्या पाण्यानं गोटे गरगरा फिरवून कोरलेले खोल रांजण. जगाच्या पाठीवर फिशआय लेन्स शोभेल अशी हीच जागा, कारण इथं सरळ रेषाच नाही. पण कुकडी ही दोन जिल्ह्यांची हद्द. अलीकडं टाकळी हाजी, पुणे जिल्हा. पलीकडं निघोज, तालुका पारनेर, अहिल्यानगर जिल्हा. उन्हाळ्यात पात्रात मधोमध तिपाई लावली की अर्धा फोटो या जिल्ह्यात आणि अर्धा त्या. खळगे कोणाचे, हा प्रश्न चौफेर फोटो सोडवू शकत नाही, पण चिघळवू शकतो. अलीकडचा माणूस फोन हातात घेतो, फिरवत फिरवत आपल्या काठाशी येऊन थांबतो आणि म्हणतो, "हां, हिकडनं चांगलं दिसतंय." पलीकडच्याला फोन दिला की तो अर्धा वळसा घेतो आणि त्यालाही तिकडनंच चांगलं दिसतं. नदीचं वाहतं पाणी मात्र चारही फोटोंत वेगळं असतं. सॉफ्टवेअरला त्यात एकही सारखी खूण सापडत नाही. हद्द जिथून जाते नेमकी तिथंच शिवण फसते.

पाबळला विज्ञान आश्रमात उलटा प्रकार. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या या आश्रमात मुलं हातानं काम करत शिकतात, आणि तिथले त्रिकोणात्रिकोणांचे सांधलेले घुमट प्रसिद्ध आहेत. एरवी फिशआय सरळ भिंतीला कमान करून टाकते आणि लोक विचारतात, "घर पडायला आलंय का?" घुमटात ती बिचारी गेली, की वाकवायला काही उरतच नाही.

दौंडला फोटो काढायचा तर आधी परवानगीचा विचार करावा. गाव रेल्वेचं आणि राज्य राखीव पोलीस दलाचं. साध्या कॅमेऱ्याला पाठ फिरवता येते. जे टिपायचं नाही त्याच्याकडं पाठ केली की काम भागतं. माझ्या कॅमेऱ्याला पाठच नाही. त्यामुळे गावाबाहेर, जिथून रूळ लांबून दिसतात अशा ठिकाणी मी तिपाई लावली. रूळ म्हणजे सरळपणाची परिसीमा. फिशआयमध्ये मात्र जी रेषा फोटोच्या मध्यातून जात नाही ती वाकते, आणि मनमाडचा रूळ धनुष्यासारखा सोलापूरला भेटायला गेलेला दिसतो.

दिशांच्या बाबतीत दौंडकर मुळात निबर आहे. पुण्याहून मनमाडकडं जाणाऱ्या गाडीचं इंजिन वर्षानुवर्षं दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावत. झोपेतून उठलेल्या प्रवाशाला वाटायचं, गाडी परत पुण्याला निघाली. तो ओरडत दाराशी यायचा, आणि फलाटावरचा चहावाला शांतपणे म्हणायचा, "बसा, बसा. बरोबर चाललीय." आता कॉर्ड लाइन झाल्यामुळं कित्येक गाड्या गावात न शिरता बाहेरूनच वळतात. इंजिन फिरवायचा तेवढा वेळ गेला आणि त्याबरोबर चहाचा धंदाही. असल्या गावाला मी मोबाइलवर चौफेर फोटो दाखवला आणि म्हटलं, बघा, पुढचं मागं आणि मागचं पुढं करता येतं. एक निवृत्त गार्ड म्हणाले, "त्यात काय? आम्ही चाळीस डबे घेऊन करत होतो."

तिथून भीमा ओलांडली की सिद्धटेक. अष्टविनायकांतला हा सिद्धिविनायक टेकडीला लागून बसलेला, त्यामुळे प्रदक्षिणा घालायची तर टेकडीसकट घालावी लागते. एक फेरी सुमारे पाच किलोमीटरची. पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके यांचं पद गेलं तेव्हा त्यांनी इथं २१ दिवस रोज २१ प्रदक्षिणा घातल्या आणि पद परत मिळालं, अशी कथा सांगतात. मी उगाच गुणाकार केला: रोजचे शंभराच्या वर किलोमीटर. पद जाण्याचं दुःख मोठंच असणार.

आरती संपत आली की आपल्याकडं सगळे जण जागच्या जागी स्वतःभोवती गिरकी घेतात. माझा कॅमेरा जे करतो ते हेच. पण फरक बघण्यासारखा आहे. देवळातल्या गिरकीत प्रत्येकाचा मध्यबिंदू फिरता फिरता हातभर सरकतो आणि शेजारच्याच्या पायावर जातो. तिथं पॅरलॅक्स पायाच्या अंगठ्यावर उमटतो.

आता उसाचं सांगितलंच पाहिजे, कारण दोन्ही तालुक्यांत वर्षातले आठ-नऊ महिने चौफेर फोटोत ऊसच येतो. पूर्वेला ऊस, पश्चिमेला ऊस, आणि वाऱ्यानं प्रत्येक पान हललेलं. सॉफ्टवेअर सारखेपणा शोधून शिवतं खरं, पण इथं सारखेपणाशिवाय दुसरं काहीच नसतं. ते बावचळतं आणि उत्तरेचा ऊस दक्षिणेला जोडतं. जोडलेला आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही, ज्याचा ऊस आहे तो सोडून. "ही माझी ८६०३२ न्हाई," तो म्हणतो. पानावरून जात ओळखणारं सॉफ्टवेअर अजून निघायचंय.

या सॉफ्टवेअरच्या मागंही एक भांडण आहे. हेल्मुट डेर्श नावाच्या जर्मन प्राध्यापकानं १९९८ च्या सुमारास फोटो शिवणारी साधनं तयार करून फुकट वाटली. फिशआयच्या दोन फोटोंतून चौफेर दृश्य बनवण्याचं पेटंट आपलं आहे असं म्हणणाऱ्या आयपिक्स या अमेरिकी कंपनीनं त्याला वकिलाची भीती दाखवली. २००६ मध्ये कंपनी बुडाली. डेर्शची साधनं आजही हगिनसारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरच्या पोटात चालू आहेत. बांधाचा वाद अमेरिकेतही असतो, एवढाच याचा अर्थ.

उसात उभं राहायचं तर पाठीकडं लक्ष ठेवावं लागतं. शिरूरच्या बाजूला बिबट्या ही काही गप्पांतली गोष्ट राहिलेली नाही. फडाच्या कडेला कॅमेरा लावला होता तेव्हा एक आजोबा काठी टेकत आले. या भिंगाच्या फोटोत पाठीमागचंही येतं असं सांगितल्यावर त्यांनी ते निरखून बघितलं. "मंग आसलं गळ्यात अडकवायला मिळतं का?" त्यांनी विचारलं. ते गंमत करत नव्हते.

न्हावऱ्याहून चौफुल्याच्या दिशेनं जाताना फ्लेक्स वाचत गेलं की दोन्ही तालुक्यांचं राजकारण तोंडपाठ होतं. वर महापुरुष, त्याखाली मोठे साहेब आणि त्यांच्यापेक्षा जरासे लहान दादा, मधोमध गॉगल लावून कानाला फोन धरलेला वाढदिवसाचा मानकरी, आणि तळाला शुभेच्छुकांचे बटणाएवढे चेहरे. कोण मध्ये, कोण कडेला, कोणाचा चेहरा गेल्या वर्षीपेक्षा दोन इंच लहान झाला, हे पाहून पंचायत समितीचं बलाबल सांगणारे तज्ज्ञ टपरीटपरीवर आहेत. अशा मुलखात एका ग्रामपंचायतीनं मला नव्या कार्यालयासाठी सगळ्या सदस्यांचा चौफेर फोटो काढायला बोलावलं.

मी सभागृहात मधोमध कॅमेरा ठेवला आणि सगळ्यांना भोवती उभं राहायला सांगितलं.

"पुढं कोण?" उपसरपंचांनी विचारलं.

"पुढं-मागं काही नाही. सगळे सारखेच."

सभागृहात अशी शांतता ग्रामसभेतही कधी झाली नसेल. सरपंच बाई होत्या. त्यांच्याशेजारी त्यांचे मालक येऊन उभे राहिले. ते सदस्य नव्हते, पण ते विचारायचं नसतं. विरोधी पॅनेलचे पुढारी सवयीनं बरोबर समोर जाऊन उभे राहिले. फोटो झाला, शिवला, मोबाइलवर सगळ्यांनी गोल गोल फिरवून पाहिला आणि खूश झाले. मग कोणीतरी म्हणालं, "आता ह्याचा फ्लेक्स करू."

गोळा सपाट करायचा तर कुठंतरी ओढाताण होणारच. भिंतीवरच्या जगाच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं ते याचमुळं, खरं तर आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. आमच्या फोटोत लांबी उंचीच्या दुप्पट, आणि डोक्यावरचा एकच बिंदू ताणून वरच्या काठाइतका लांब. तिथं नेमका छताचा पंखा होता. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरला आणि सगळे सदस्य एकाच पंख्याखाली आले. याला कोणाची हरकत नव्हती. हरकत दुसऱ्याच गोष्टीला होती. गोल फोटो सपाट करायला कुठंतरी उभा कापावा लागतो, आणि मध्यभागी जो असेल त्याच्या बरोबर समोरचा माणूस त्या कापावर येतो. सरपंचबाई मध्ये घेतल्या तेव्हा विरोधी पुढाऱ्यांचा उजवा कान फोटोच्या एका टोकाला आणि डावा कान दुसऱ्या टोकाला गेला. मध्ये अख्खी ग्रामपंचायत.

"हे मुद्दाम केलंय," ते म्हणाले.

मी सांगितलं, की मध्य कुठंही घेता येतो. सॉफ्टवेअरमध्ये एक आकडा बदलला की झालं. हे ऐकल्यावर खरी मागणी सुरू झाली. विरोधकांना त्यांचा मध्य हवा, ज्यात सरपंचबाई दोन टोकांना जातील. उपसरपंचांना त्यांचा. वॉर्ड तीनच्या सदस्यांना, वॉर्ड एकच्या बरोबर समोर असल्यामुळं, तातडीनं त्यांचा. सरपंचबाईंचे मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "मधी मला घ्या. म्हणजे ती शेजारी आपोआप येती." बाईंनी ते ऐकलं. त्या म्हणाल्या, "मधी मला घ्या, भाऊ. हे आपोआप येत्यात, कुठंबी." फोटो एकच, आणि त्यातून जेवढी माणसं तेवढे मध्य निघाले.

सगळ्या फाइली घेऊन मी शिरूरला फ्लेक्सवाल्याकडं गेलो. त्यानं त्या एकेक उघडून पाहिल्या, पंख्याकडं पाहिलं, कापलेल्या कानांकडं पाहिलं, आणि टेबलाच्या खणातून एक कोरा कागद काढून माझ्यापुढं सरकवला.

"कुठल्या फ्लेक्सात मधी कोण, ते लिहून सही द्या. मागच्या वेळंला तोंडी घेतलं होतं, ती उधारी अजून बाकी हाय."